कंप्रेसर गेला, कचरा राहिला

एप्रिलच्या मध्याला सोलापुरात पारा ४२ वर गेला की गाडीच्या एसीची कामे करणाऱ्या गॅरेजसमोर सकाळी शटर उघडायच्या आधीच गाड्या लागतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे दुखणे किरकोळ असते. कुठे फ्यूज उडालेला, कुठे पंख्याचा रिले गेलेला, कुठे ओ-रिंग गळकी, तर कुठे केबिन फिल्टरात वर्षभराची धूळ. एखाद्या गाडीचा मात्र कंप्रेसरच बसलेला असतो. बेल्ट किंचाळलेला, क्लच जळाल्याचा वास बॉनेटखाली अजून रेंगाळणारा, आणि मालकाचे ठरलेले वाक्य : ‘मिस्त्री, कंप्रेसर तेवढा टाकून द्या की ओ, बाकीचं नंतर बघू.’

हे प्रकरण त्या ‘बाकीच्या’विषयी आहे.

नंतर बघू म्हटले की काय होते ते ठरलेले आहे. नवा कंप्रेसर बसतो, गॅस भरला जातो, जाळीतून गार वारा येतो आणि मालक पैसे चुकते करून जातो. पंधरा दिवसांनी नाहीतर महिन्याने तीच गाडी तसाच आवाज करत परत येते. मग ‘माल डुप्लिकेट निघाला’ यावर दोघांचेही एकमत होते, कारण त्यात दोघांचीही सोय असते. डुप्लिकेट माल बाजारात नसतो असे नाही. पण असा दुसऱ्यांदा बसलेला कंप्रेसर उघडून पाहिला तर त्याच्या पोटात बऱ्याचदा पहिल्याचाच भुगा सापडतो.

असे का होते ते समजायला गॅसची वाट डोळ्यांसमोर आणावी लागेल. कंप्रेसर गॅस दाबतो. दाबला गेलेला तापलेला गॅस बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये निवून द्रव होतो. ड्रायर त्यातले पाणी शोषून घेतो. पुढे एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक छिद्रातून हा द्रव एकदम मोकळा होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता उचलतो. तिथून तो पुन्हा कंप्रेसरकडे येतो. छोट्या मोटारीत हा गॅस अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि त्याच्या जोडीला शे-सव्वाशे मिलिलिटर तेल. कंप्रेसरला इंजिनासारखा तेलाचा वेगळा फेरा नसतो. तेल गॅससोबतच वाहते आणि गॅससोबतच परत येते. बहुतेक बिघाडांचे मूळ इथे आहे. गॅस गळतो तेव्हा थोडे तेलही बाहेर पडते. गॅस कमी झाला की उरलेले तेल ओढून आणण्याइतका जोर प्रवाहात राहत नाही आणि ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसते. मालकाला एवढेच जाणवते की एसी हल्ली जरा कमी गार करतोय. आत कंप्रेसर कोरडा फिरत असतो.

त्यात सोलापूरचे ऊन. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची तर तो बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असावा लागतो. बाहेर ३२ अंश असतील तर आतला गॅस पन्नाशीच्या घरात निवतो, आणि मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या गॅसचा दाब त्या वेळी १७५ पीएसआयच्या आसपास असतो. बाहेर ४२ झाले की तोच आकडा २३० च्या घरात जातो. तापलेल्या डांबरावर गाडी उभी आहे, कंडेन्सरच्या पात्यांत धूळ आहे, आतला गॅस ७० अंशांना पोचलाय, अशा दुपारी २९० देखील दिसतात. कंप्रेसरला हा सगळा दाब दर फेरीला पेलायचा असतो. ऊस वाहतुकीच्या महिन्यांत पाचटाचे तूस आणि काळ्या मातीची धूळ कंडेन्सरच्या तोंडावर बसते ती बसतेच. मेच्या सुट्टीत पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशा फेऱ्या मारणारी भाड्याची गाडी देवळाजवळच्या पार्किंगमध्ये तासभर इंजिन चालू ठेवून उभी असते आणि चालक एसी लावून आत झोपलेला असतो. गाडी पळत असताना समोरून मिळणारा वारा तिथे नाही, सगळी भिस्त एका पंख्यावर. तो पंखा मंद झाला असेल तर त्या झोपेची किंमत कंप्रेसर मोजतो. म्हणून कंप्रेसर मेला की आधी पंखा फिरवून पाहावा, कंडेन्सर बाहेरून धुवावा आणि गळती शोधावी. मारेकरी मोकळा ठेवून नवा कंप्रेसर बसवण्यात अर्थ नाही.

आता तपासणी. पहिला प्रश्न असा की कंप्रेसर बाहेरून गेला की आतून? क्लचची कॉइल जळणे, पुलीचे बेअरिंग वाजणे, शाफ्टच्या सीलमधून गळणे ही बाहेरची दुखणी आहेत. क्लचची पुढची चकती हाताने फिरवली तर आतला शाफ्ट सारखा, मऊ फिरतो. अशा गाडीत पाइपांमध्ये कचरा नसण्याचीच शक्यता जास्त. चकती फिरतच नाही, किंवा फिरताना खरखरते, अडकते, मध्येच एकदम सैल पडते, तर बिघाड आतला. हा फरक न करता दरवेळी सगळा एसी बदलायला लावणे हीसुद्धा फसवणूकच आहे. ‘बाकीचं’ खरोखर बदलायची गरज नाही, हे गिऱ्हाइकाला सांगता यावे म्हणूनही तपासणी करायची असते.

आतला बिघाड म्हणजे काय होते? मोटारींतल्या बऱ्याच कंप्रेसरांत एक तिरकी चकती फिरते आणि तिच्या जोरावर पिस्टन पुढे-मागे होतात. खोके ॲल्युमिनिअमचे, पिस्टनवर टेफ्लॉनची कडी किंवा लेप. तेल संपले की धातूवर धातू घासतो. ॲल्युमिनिअमचा कीस, टेफ्लॉनच्या कपच्या आणि जळलेले तेल यांचा मिळून एक काळा, चिकट लगदा होतो. अमेरिकी मेकॅनिक याला ‘ब्लॅक डेथ’ म्हणतात. आपल्याकडचा मिस्त्री नुसता ‘काळं आलंय’ म्हणतो, आणि त्याचा चेहरा पडतो.

हा लगदा कंप्रेसरमध्येच राहिला असता तर प्रश्न नव्हता. पण कंप्रेसर शेवटच्या श्वासापर्यंत ढकलतच असतो. गिरणीच्या जात्याला नव्याने टाकी लावली की पहिल्या दळणात कच येते, म्हणून शहाणी बाई आपली ज्वारी तेव्हा पुढे करत नाही. एसीत मात्र ते पहिले दळण टाकून द्यायची सोय नाही. कच आधी दाबाच्या पाइपात जाते, मग कंडेन्सरमध्ये, मग ड्रायरमध्ये, आणि त्यातूनही सुटली तर एक्स्पान्शन वाल्व्हच्या तोंडाशी. शिवाय ती फक्त पुढेच जाते असे नाही. झडपांच्या पट्ट्या तुटल्या असतील, किंवा कंप्रेसर थांबल्यावर दोन्हीकडचे दाब सारखे होत असतील, तेव्हा थोडा कचरा मागे ओढीच्या पाइपातही येतो. तपासताना हीच बाजू विसरली जाते. नवा कंप्रेसर सुरू झाल्याझाल्या पहिला घास तिथलाच घेतो.

गॅस मशीनने काढून घेतला, पाइप सोडवले, की पहिला पुरावा कंप्रेसरच्या दोन तोंडांत असतो. जुना कंप्रेसर उलटा करून तेल एका मापात ओतावे. किती निघाले हे लिहून ठेवावे, आणि त्यातले चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकावेत. कागद तेल शोषतो आणि तेलात जे होते ते वर राहते. चांगले तेल जवळजवळ पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे दिसते. गळती शोधायचा रंग आधी कोणी घातला असेल तर ते झगझगीत पोपटी दिसते, त्याला घाबरायचे कारण नाही. तपकिरी तेल म्हणजे एसी बराच काळ तापत होता. काळे आणि उग्र वासाचे म्हणजे तेल जळले. कागद उन्हात तिरका धरल्यावर डागावर चंदेरी चमक हलली, तर तो धातू. मग त्यावरून लोहचुंबक फिरवावे. ॲल्युमिनिअम चुंबकाला दाद देत नाही. जे कण उभे राहून चिकटतात ते बेअरिंगचे, किंवा झडपेच्या पोलादी पट्टीचे. हातमोजे घालावेत, कारण जळलेल्या तेलात आम्ल असते. आणि नुसता राखाडी झाक असलेला थेंब दिसला म्हणून लगेच आरोळी ठोकू नये. नव्या कंप्रेसरचे भाग एकमेकांत बसताना एवढी झीज होतेच. निर्णय एका थेंबावर नव्हे, तीन ठिकाणी सापडलेल्या एकसारख्या पुराव्यावर करायचा.

दुसरे ठिकाण एक्स्पान्शन वाल्व्ह. काही वाल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, काहींना नसते. नसेल तिथे वाल्व्हचे छिद्रच जाळीचे काम करते आणि बुजते. जाळीवर काळा थर आणि त्यात चमकणारे ठिपके दिसले तर कचऱ्याने कंडेन्सर आणि ड्रायर दोन्ही ओलांडले, असा अर्थ. मागे फार थोडे स्वच्छ उरले आहे. जाळीवर बारीक, गोल, पिवळसर मणी सापडले तर गोष्ट वेगळी. ते ड्रायरच्या पिशवीतले पाणी शोषणारे मणी आहेत, पिशवी फाटली आहे. काळी, रबरासारखी दाबली जाणारी कपची असेल तर आतून सुटलेल्या जुन्या होजकडे बोट जाते, कंप्रेसरकडे नाही. तिसरे ठिकाण ड्रायर. वेगळा ड्रायर असेल तर तो बदलायचाच असतो, तेव्हा जुना भंगारात टाकण्याआधी करवतीने मधोमध कापून पाहायला हरकत नाही. आतल्या गाळणीवर या एसीचा सगळा इतिहास थरांनी बसलेला असतो. एवढे पाच मिनिटांचे काम बहुतेक गॅरेजांत होत नाही. गिऱ्हाइकासमोर कापून दाखवले तर पुढचे बिल समजावण्याचे कष्टही वाचतात.

गेजविषयी एक गैरसमज इतका पसरलाय की त्याच्यासाठी थांबायला हवे. गाडी बंद असताना गेज लावून ‘गॅस भरपूर आहे’ असे सांगतात. बंद एसीत द्रवाचा थोडा जरी साठा उरला असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. ३० अंशांना आर-१३४ए सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, ४२ अंशांना १४० च्या आसपास. एसी पूर्ण भरलेला असो की अर्धा, आकडा तोच. म्हणून किती गॅस आहे हे बाहेर काढून वजन केल्याशिवाय कळत नाही. पण हाच नियम उलटा वापरला तर कचरा ओळखायला कामी येतो. इंजिन पूर्ण निवलेले, गाडी तीन-चार तास सावलीत उभी, तिथली हवा ४२ अंश, आणि गेज १४० ऐवजी १६५ दाखवतोय, तर आत आर-१३४एखेरीज आणखी काही तरी आहे. बहुतेक वेळा ती हवा असते. रस्त्याकडेच्या टपरीवर होजमधली हवा न काढता मारलेल्या ‘टॉप-अप’ची ती खूण. हवा द्रव होत नाही, कंडेन्सरच्या वरच्या भागात जागा अडवून बसते, दाब वाढवते आणि सोबत ओलावा आणते.

एसी अजून चालतोय अशा गाडीत तुंबलेली जागा हातालाही कळते, हातापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटरला चांगली कळते. निरोगी कंडेन्सर गॅस शिरतो तिकडे गरम आणि बाहेर पडतो तिकडे थंड, मधे हळूहळू उतरत जाणारा. मध्येच एक पट्टा थंड आणि त्याच्या शेजारचा पट्टा रखरखीत, तर थंड पट्ट्यातल्या नळ्यांतून गॅस जातच नाही. एखाद्या सांध्यावर दव किंवा बर्फ दिसला तर अडथळा तिथेच. ओढीच्या बाजूचा काटा शून्याखाली गेला तर बहुधा वाल्व्ह बुजलाय. दोन्ही काटे जवळजवळ सारखे आणि कंप्रेसर फिरतोय, तर तो फिरतोय एवढेच, दाबत नाही.

कचरा सिद्ध झाला की खरी ओढाताण सुरू होते ती कंडेन्सरवरून. ड्रायर आणि वाल्व्ह बदलायला मालक सहसा तयार होतो, कंप्रेसरच्या किमतीपुढे ते किरकोळ असतात. कंडेन्सर खिशाला जाणवतो. ‘फ्लश मारून द्या’ असा तोडगा निघतो. जुन्या गाड्यांत एकाच जाड नळीचे वेटोळे असलेला कंडेन्सर असे, तेव्हा हे चालून जायचे. आताच्या कंडेन्सरात डझनावारी चपट्या नळ्या शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येक नळीच्या आत आणखी बारीक मार्ग, अनेकदा एक मिलिमीटरहून अरुंद. फ्लशचे द्रावण सोप्या वाटेने जाते. दहा नळ्या मोकळ्या आणि पाच बुजलेल्या असतील तर ते दहांतून वाहून स्वच्छ बाहेर येते, आणि बुजलेल्या पाच तशाच राहतात. बाहेर आलेले द्रावण निर्मळ पाहून समाधान मानणारा मिस्त्री स्वतःलाच फसवतो. त्यात बऱ्याच गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या बाजूच्या उभ्या नळीत बसवलेला असतो. माझे मत स्पष्ट आहे : काळे आले असेल तर कंडेन्सर बदला. तेवढे पैसे आज नसतील तर कंप्रेसरही आज बसवू नका. खिडक्या उघड्या ठेवून एक उन्हाळा निघतो.

कूलिंग कॉइल आणि लांब धातूचे पाइप धुता येतात, पण वाल्व्ह काढूनच आणि त्या कामासाठीच बनवलेल्या द्रावणाने. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर मारणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ते पूर्ण उडून जात नाहीत, ओ-रिंगा खातात, नव्या तेलात मिसळतात, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेटूही शकतात. धुतल्यावर सुकवायला कोरडा नायट्रोजन वापरावा. टायरच्या कंप्रेसरची हवा ओली असते आणि एसीचे पीएजी तेल पाण्याला अधाशासारखे ओढून घेते. दाबाच्या बाजूचे रबरी होज, विशेषतः मधे आवाज मारायचा फुगीर डबा असलेले, धुवून साफ होत नाहीत. ते बदलावेत.

व्हॅक्यूमने कचरा निघतो ही दुसरी समजूत. व्हॅक्यूम पंप हवा काढतो आणि ओलावा काढतो. पाण्याला ४० अंशांना उकळायला हवेचा दाब ७६० वरून ५५ मिलिमीटर पाऱ्याखाली आला तरी पुरते, त्यामुळे सोलापूरचे ऊन इथे मात्र मदतीला येते. पण धातूचा कण किंवा तेलाचा थर पंप चालवून जागचा हलत नाही, पंप रात्रभर चालवा.

तेलाचा हिशोब जुन्या कंप्रेसरमधून निघालेल्या मापावरून आणि धुतलेल्या-बदललेल्या भागांवरून करायचा. नवा कंप्रेसर बहुधा पूर्ण तेल भरून येतो. अर्धाच एसी धुतला असेल तर आधीचे तेल आणि हे तेल मिळून जास्त होते, आणि जास्त तेल कूलिंग कॉइलच्या आत थर धरून थंडावा मारते. गॅस भरण्याआधी क्लचची चकती हाताने दहा-बारा फेरे फिरवावी, म्हणजे सिलिंडरात साचलेले तेल पुढे सरकते. हे न करता थेट इंजिन चालू केले की नवा कंप्रेसर पहिल्याच मिनिटाला द्रव दाबायला जातो आणि झडपा मोडून घेतो.

इथवर बोललो तो मेलेल्या कंप्रेसरचा कचरा. बाहेरून येणारा कचरा वेगळा, आणि तो कधीकधी जास्त घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून बाद होत गेला आणि मोटारींत आर-१३४ए आला. तोही तापमानवाढीच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट असल्यामुळे २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्यावरही लगाम आणला. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. दरवेळी गॅस महाग झाला की नकली गॅस स्वस्तात येतो. २०११ मध्ये समुद्रमार्गे माल नेणाऱ्या शीतकंटेनरांचे स्फोट झाले, व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन माणसे दगावली. आर-१३४एच्या नावाने भरलेल्या गॅसात आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते. ते ॲल्युमिनिअमशी भिडले की हवा लागताच पेट घेणारे संयुग तयार होते. गाडीच्या एसीत तर कंप्रेसरपासून कॉइलपर्यंत ॲल्युमिनिअमच आहे. स्वस्त डब्यातला गॅस आधी ओळख-यंत्रावर तपासणे म्हणूनच चोचल्यात मोडत नाही. गळती बंद करणारी औषधे हीदेखील याच वर्गातली. हवा आणि ओल लागली की ती घट्ट होतात, गळतीच्या जागी व्हायचे ते होते आणि वाल्व्हमध्येही होते, आणि गॅस काढणाऱ्या मशीनमध्ये शिरली की मशीनही जाते.

यापुढे ही कामे वाढणार आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, आणि पुणे-हैदराबाद महामार्ग व धुळ्याहून विजयपूरकडे जाणारा महामार्ग दोन्ही सोलापुरातूनच जातात. दिवसभर चालणारे हे एसी मोटारींच्या एसीपेक्षा जास्त खातील आणि जास्त थकतील. विजेवरच्या गाड्यांचे गणित तर वेगळेच. तिथे कंप्रेसरची मोटर खोक्याच्या आत, गॅस आणि तेलात बुडालेली असते, आणि तिला शेकडो व्होल्ट लागतात. तिचे पीओई तेल वीज अडवणारे असते, पेट्रोल गाडीचे पीएजी तसे नसते. पीएजीचा थोडासा अंश मिसळला तरी मोटरचा वीजरोध घसरतो, गाडी बिघाडाचा दिवा लावते आणि काही गाड्या चालायचेच नाकारतात. अनेक गाड्यांत बॅटरीही याच एसीवर निवते. सकाळी ज्या मशीनने डिझेल गाडीचा एसी भरला त्याच मशीनचे होज न धुता दुपारी विजेच्या गाडीला लावले, तर त्या होजमध्ये राहिलेले तेलही हा घोळ घालू शकते.